नावाडी मागे का ठेवलास

२४ सप्टेंबर, बुधवार

सांगणार मी, लिहिणार हे. हे म्हणजे आमचे उमाकांतराव. रेल्वेच्या ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज लिहिले, आता माझी डायरी लिहितात. मला अक्षर येत नाही, यांना बोलणं येत नाही. दोघं मिळून एक माणूस पुरा होतो. हे वाक्य लिहिताना यांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे आवडलेलं नाही. पण ठरलंय तसं, मी सांगेन ते सगळं लिहायचं आणि 'सदर', 'उपरोक्त' असलं पदरचं काही घालायचं नाही.

डायरीचं खूळ कशाला, तर घरात एक गोष्ट चाललीय आणि मला ती मुळापासून समजून घ्यायचीय. आमची नात निधी, उन्मेषची मुलगी. इंजिनियर झाली, सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते, संध्याकाळी बसमधून उतरते ती पिळलेल्या धुण्यासारखी. आता म्हणते पुढे शिकणार, परदेशात. काय शिकणार, तर वाळू. मी म्हटलं, वाळू काय शिकायची असते? तर म्हणाली, आजी, वाळू चालते. समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला जाते.

मद्रासेत येऊन मला पन्नास वर्षं झाली. बीचवर बसून चण्याचं सुंडल किती खाल्लं असेल त्याला गणती नाही. पण बुडाखालची वाळू चालत होती हे कोणी सांगितलं नाही. यांनीही नाही.

तर प्रश्न असा, की अर्ज किती ठिकाणी करायचे. उन्मेष बँकेतला, तो म्हणतो पंधरा तरी कर, कुठेतरी लागेल. निधीनं अकरा काढलेत. तिचे गिरिधर सर म्हणतात, शिफारसपत्र मी दर ठिकाणाला वेगळं लिहितो, एकच पत्र छापून वाटायला ती लग्नपत्रिका नाही, तेव्हा आधी प्रत्येक ठिकाण का, ते मला पटव. मला हा सर आवडला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

निधीनं यादी वाचून दाखवली. अकरा नावं, सगळी औषधांच्या बाटल्यांवरची वाटली. मी म्हटलं, मला असं नाही कळत, मांडून दाखव. ती इकडेतिकडे बघायला लागली आणि समोर नवरात्रातल्या बाहुल्यांचा कोलू होता.

आमच्या बार्शीकडे कोलू नसतो. घट बसवायचे, माळा चढवायच्या, झालं. पण इथे वेस्ट मांबलमला राहायला आलो त्या वर्षी समोरच्या विजयालक्ष्मी मामींनी दोन बाहुल्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, नवरात्रात घर रिकामं ठेवायचं नाही. तेव्हापासून आमच्याकडेही लाकडी पायऱ्या लागतात, पाच. पायऱ्या नेहमी विषम. सम मांडल्या तर मामी उंबऱ्यावरूनच परत जातील.

तर निधीनं दर युनिव्हर्सिटीला एक बाहुली नेमली. ज्यांच्याकडे प्रवेश मिळणं कठीण ती वरच्या पायऱ्यांवर, मिळेलच अशी खाली. मी म्हटलं, वर देव आहेत, तिथे कॉलेजं बसवायची नाहीत. मग तिनं देवांनाच कामाला लावलं. मत्स्यावतार नॉर्वेला, कूर्म ऑस्ट्रेलियाला. वराह अमेरिकेला गेला, त्याला तिथे बरं वाटेल. तिसऱ्या पायरीवर लग्नाची वरात, ती तीन कॉलेजांत वाटली. खालच्या पायरीला तंजावूरची मान डोलावणारी बाई. निधी म्हणाली, ही कोणालाही घेते. बाई लगेच हो म्हणाली.

आणि नावाडी. मातीचा, छोटा, वल्ह्याचं टोक तुटलेलं. निधी पहिलीत असताना मैलापूरच्या रस्त्यावर हट्ट करून घेतलेला. त्याला तिनं सगळ्यांत खालच्या पायरीवर, किराणा विकणाऱ्या जाड्या चेट्टियारच्या पाठीमागे ठेवला. मी विचारलं, हा कोण. म्हणाली, हॉलंड. सोपं आहे का ते? नाही, सगळ्यांत कठीण. मग खाली, आणि मागे कशाला ठेवलास नावाडी? म्हणाली, वर जागा नव्हती.

जागा होती. अक्षर येत नसलं तरी जागा दिसते मला.

२९ सप्टेंबर, सोमवार

बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. विजयालक्ष्मी मामींची नजर म्हणजे कस्टमवाल्याची. आल्याबरोबर नावाडी ओढून पुढे ठेवला, म्हणाल्या, पिल्लै, म्हणजे पोरगा, बिचारा अंधारात बसलाय. निधी कंपनीतून आली. पाणी प्यायली नाही, चपला नीट काढल्या नाहीत, आधी नावाडी उचलून मागे ठेवला.

कोलूत बाहुली मागे जाते ती दोन कारणांनी. एक तर टवका उडालेला असतो, नाहीतर ती इतकी लाडकी असते की पाहुण्यांच्या पोरांचा हात लागू नये वाटतं. याचं वल्हं तुटलंय खरं. पण मला ते कारण पुरत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला. आरतीनंतर एक बाहुली आडवी करून निजवायची रीत आहे, म्हणजे कोलू संपला. मी निधीला म्हटलं, तू निजव. तिनं नावाड्याला निजवलं. वर ओढणीचं टोक घातलं, जसं काही थंडी वाजेल त्याला.

आज बाहुल्या कागदात गुंडाळून पेटीत गेल्या. त्या अकरा मी जाऊ दिल्या नाहीत, टीव्हीच्या कपाटावर मांडून घेतल्या. मामी म्हणाल्या, कोलू आवरला की आवरायचा असतो. मी सांगितलं, मामी, या आता बाहुल्या नाहीत, युनिव्हर्सिट्या आहेत. त्यांनी यांच्याकडे बघितलं. हे नेहमीप्रमाणे पेपरमागे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल बाथरूममध्ये जरा बसले. एवढंच.

(पडली. उ.)

लिहिणाऱ्यानं मध्ये बोलू नये. बसले, फक्त पटकन बसले. हाड मोडलं नाही. आतून कडी होती, म्हणून दार उघडायला थोडा वेळ लागला. निधी त्या दिवशी घरून काम करत होती, तिनं दाराला खांदा लावला. पोरीच्या अंगात एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं. नंतर बराच वेळ तिनं माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. सगळा जोर दारावर खर्च झाला नसेल.

डॉक्टर म्हणाले काठी घ्या, बाथरूमला धरायला दांडा बसवा, दिवसा कोणीतरी बाई ठेवा. उन्मेष आणि सूनबाई अर्चना दोघंही नोकरीवर जातात, आणि हे ऐंशीच्या पुढचे, हे मला कसे उचलणार. मी साफ सांगितलं. काठी घेतली की लोक माणसाकडे बघत नाहीत, काठीकडे बघतात. आणि राखणीला बाई ठेवायला मी काय आंब्याचं झाड आहे?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कपाटावर दोन बाहुल्या वाढल्या. निधीनं पेटी उघडून काढल्या. एक मद्रासचंच कॉलेज, गिंडीकडचं, एक बंगळूरचं. म्हणजे तेरा झाले. विषम आहे, मला बरं वाटलं. इथली वाळू काही कमी चांगली नसेल.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. पहाटे तेल, उटणं, आणि मामींकडून आलेलं लेगियम, म्हणजे आल्या-मिऱ्याचं चाटण, जे खाऊन मग आपण फराळाचा गुन्हा करायला मोकळे.

पंधरा झाले. अजून दोन मद्रासची आणि एक घरी बसून कॉम्प्युटरवर शिकायचं. उन्मेष खूश, म्हणतो, मी म्हणत होतोच. मी मात्र बघितलं, मत्स्यावतार दिसत नाही. विचारलं तर निधी म्हणाली, नॉर्वेला थंडी फार असते. मार्गळी महिन्यात पहाटे गारवा आला की कानाला मफलर बांधणारी मद्रासची माणसं आम्ही, खरंच आहे तिचं. मत्स्याला पुन्हा पेटीत बघून वाईट वाटलं एवढंच. एकटा नॉर्वेला निघालेला तो, चांगला चकचकीत.

२ नोव्हेंबर, रविवार

आज मजा आली. गिरिधर सरांना दर ठिकाणाचं कारण सांगायचंय ना, निधी म्हणाली, आजी, आधी तुला सांगून बघते, तुला कळलं तर सरांना कळेल. मी फुगले, आणि मग या बोलण्याचा अर्थ ध्यानात आला.

जेवणं झाल्यावर खाली सतरंजीवर बसलो. एकेक बाहुली हातात घ्यायची आणि मराठीत सांगायचं, इथे कशाला जायचं. तिचं मराठी धावता धावता तमिळमध्ये शिरतं, पण मला दोन्ही चालतं. गिंडीवाली आली. म्हणाली, लॅब चांगली आहे, लोक चांगले आहेत. बंगळूरची आली. लोक चांगले आहेत, लॅब चांगली आहे. मी म्हटलं, उन्मेषसाठी मुली बघत होतो तेव्हा मध्यस्थ असंच बोलायचा, घर चांगलं, माणसं चांगली, आणि मुलीबद्दल अक्षर नाही. चौथ्या बाहुलीला माझा डोळा लागला. तिनं हलवून उठवलं.

शेवटी नावाडी उरला. तिनं त्याला उचललाच नाही. मी उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

आधी म्हणाली, तिथे जमीन समुद्राच्या खाली आहे. मी विचारलं, आणि माणसं? कोरडी आहेत, म्हणाली. मग मी सरळ बसले. असं कसं? तर ती उठली, स्वयंपाकघरातून ताट आणि उपम्याचा रवा घेऊन आली, आणि रव्याचा किनारा केला. हे आपलं बंदर, म्हणून कालथा आडवा ठेवला. बोटानं रवा ढकलत गेली. वाळू दक्षिणेकडून येते, बंदराच्या भिंतीला अडते, म्हणून आपला मरीना एवढा रुंद झाला. आणि भिंतीच्या पलीकडे वाळू पोचत नाही, म्हणून उत्तरेकडे समुद्र घरं खातो, कोळ्यांची. दगड टाकले की समुद्र अजून पुढचं घर खातो. तिकडे हॉलंडला काय केलंय, तर दगड नाही टाकले. एका जागी वाळूचा मोठा ढीग ओतला आणि समुद्रालाच सांगितलं, तू वाट.

मी म्हटलं, आमच्या सासूबाई डबा माझ्यासमोर ठेवून म्हणायच्या, लाडू तू वाट. म्हणजे मी एकटीनं खाऊ नये म्हणून.

ती म्हणाली, अगदी तेच, आजी. ते शिकून मला इथे उत्तरेकडे तसं करता येईल का बघायचंय.

किती वेळ बोलत होती. चहा थंड झाला. तिचे केस रव्यानं पांढरे झालेले, आणि मला डोळा लागण्याचं नाव नाही. अर्चना आली, रव्याकडे बघितलं, मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेली. रव्यावरून न बोलणारी सून मी पहिल्यांदा पाहिली.

मग मी पुन्हा विचारलं, मग नावाडी मागे का ठेवलास?

निधी रवा गोळा करायला लागली. म्हणाली, "दोन वर्षं लागतात, आजी. मध्ये येता येत नाही. आणि तू बाथरूमला जाताना कडी लावत जाऊ नकोस."

हॉलंडचा आणि कडीचा काय संबंध, मला कळेना.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाऊस. शाळांना सुट्टी, आमच्या गल्लीत पाणी, दूधवाला पँट दुमडून आला.

करायला काही नव्हतं म्हणून बाहुल्या पुसायला घेतल्या आणि सहज निधीला विचारत गेले, इथून घरी यायला किती वेळ लागेल. गिंडीहून? अर्धा तास. बंगळूरहून? पहाटेच्या गाडीनं निघाले तर जेवायला घरी. कॉम्प्युटरवालीचं मी विचारलं नाही. ऑस्ट्रेलियाचंही सांगितलं, अमेरिकेचंही, कुठे विमान बदलायचं, तिथे किती थांबायचं. फोनकडे बघितलं नाही की अडखळली नाही. हॉलंडचं तर असं म्हटलं, जसे रामरक्षेचे श्लोक.

ही मुलगी स्वयंपाकघरात गेली की काय आणायला गेले ते विसरते. हिनं हे सगळं पाठ कधी केलं?

नावाडी पुसत होते तो तसाच हातात राहिला. दिवाळीपर्यंत ज्या पाच वाढल्या त्या सगळ्या जवळच्या. गेला तो मत्स्य, लांबच्या थंडीतला. आणि वाढायला लागल्या कधी, तर मी बाथरूममध्ये बसले त्यानंतर.

पडले त्यानंतर. लिहा तसं.

यांना सगळं सांगितलं. मी म्हटलं, लिहा, की गोदाला एवढं कळायला महिना लागला, गोदा मूर्ख आहे. हे म्हणाले, असलं मी लिहीत नाही.

(लिहिलं. उ.)

१७ नोव्हेंबर, सोमवार

काठी घेतली. गच्चीवर पापड वाळत घातले की कावळे फार येतात, त्यासाठी.

बाथरूमला दांडा बसवायला माणूस आला. उन्मेषला सांगितलं, ओला टॉवेल वाळत घालायला बरा पडेल. उन्मेष दांड्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि बँकेत उशीर झाला म्हणून निघून गेला. जाताना पाया पडला. सोमवारी सकाळी कोणी पाया पडतं?

आणि वाणी म्हणून एक बाई दिवसा येणार आहे. यांच्यावर लक्ष ठेवायला. यांचं वय झालंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

निधी बघते. मी गेटपर्यंत काठी घेऊन जाते तर ती खिडकीत. वळताना कुठला पाय आधी टाकते तेही बघते. काल मुद्दाम विचारलं, आजी, आंघोळीला कडी? मी म्हटलं, दार नुसतं लोटलेलं असतं, आणि बाहेर वाणी तमिळ मालिकेची गोष्ट सांगत उभी असते, कडी लावली तर कथा कशी कळणार.

पोरगी माझी परीक्षा घेतेय. तिला पंधरा अर्जांची सवलत आहे. माझा अर्ज एकाच ठिकाणी गेलाय, तेव्हा मला नापास होऊन चालायचं नाही.

संध्याकाळी मी तिला एवढंच म्हटलं, "माझ्यासाठी ज्या मांडल्यास त्या माझ्या मी बघते. तुझ्या कुठल्या, त्या सांग."

ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"मान डोलावणाऱ्या बाईनं."

हसली. मग रडली. मग फोनवर गिरिधर सरांशी बोलायला गॅलरीत गेली आणि खूप वेळ आली नाही. काय बोलली ते मी ऐकलं नाही. काठी घेऊन गॅलरीपर्यंत जायला वेळ लागतो, पोचले तोवर संपलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठले तर कपाटावर चारच. कूर्म, वराह, पेटीतून परत आलेला मत्स्य, आणि नावाडी. तो सगळ्यांच्या पुढे, अगदी कडेला, धक्का लागला तर पडेल असा. मी सरकवणार होते, पण हात मागे घेतला.

उन्मेष म्हणाला, फक्त चार? एक तरी इथलं ठेव. निधी म्हणाली, बाबा, मला चारांचीच कारणं सांगता येतात, आणि सरही चारच पत्रं लिहिणार आहेत. एकाही ठिकाणी नाही झालं तर? तर पुढच्या वर्षी परत करीन. उन्मेष माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मी म्हटलं, चार सम होतात, मामी ओरडतील. माझी हरकत तेवढीच.

७ डिसेंबर, रविवार

नॉर्वे आणि हॉलंड, दोन्हीकडे अर्ज गेले. बाकीचे दोन या आठवड्यात. पाऊस उघडला म्हणून संध्याकाळी बेसंटनगरला बीचवर गेलो, निधी, मी आणि हे. वाळू चालते ते एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं.

निधीनं माझी काठी मागितली. ओल्या वाळूत आडवी अर्धी पुरली, एक टोक पाण्यात. म्हणाली, बघत राहा. लाटा आल्या, गेल्या. मला आधी काही दिसेना. मग दिसलं. काठीच्या एका अंगाला वाळू चढत होती, दुसऱ्या अंगाला खळगा पडत होता. ताटातल्या रव्यासारखं, पण इथे बोट कोणाचंच नाही.

मी म्हटलं, तू म्हणालीस वाळू उत्तरेला जाते. मग ढीग दक्षिणेच्या अंगाला हवा. हा उलट्या बाजूला का?

निधीचा चेहरा असा उजळला, जसा काही हॉलंडनं आत्ताच होकार पाठवला. म्हणाली, "आजी, हे कोणी विचारत नाही. या दिवसांत वारा फिरतो. वर्षभर वाळू उत्तरेला जाते, आणि हे दोनतीन महिने परत दक्षिणेला येते."

"सगळी?"

"सगळी नाही. गेलेल्यातली थोडी."

"पण येते."

"येते."

मी बघत बसले. खळगा मोठा होत होता. थोड्या वेळानं म्हटलं, काठी काढ. ती म्हणाली, अजून थोडं थांब, अजून छान दिसेल. मी म्हटलं, नको, काढ, अडलीय ती. तिनं काठी उपटली. दोन लाटांत सगळं सपाट. काही होतं तिथे, असं वाटेना.

परतताना तिनं हात पुढे केला. मी धरला नाही. ओली काठी रोवत रस्त्यापर्यंत माझी मी आले. वाळूत काठी रुतते, पाऊल उचलायला वेळ लागतो. पण ती मागून बघत होती, तेव्हा नीट चालले. हे सुंडलच्या तीन पुड्या घेऊन पुढे उभे होते, त्यांनी विचारलं, काय पाहिलंत. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते, लिहून घ्या.

(लिहून घेतलं. काठी आता दाराशी ठेवतो, तिच्या हाताला येईल अशी. या घराला गच्ची नाही, आणि पापड आम्ही विकत आणतो. उ.)